मोठ्या आतड्यातील गाठीने पोट अडले असता : शस्त्रक्रियेपूर्वीच्या स्टेंटविषयी घरच्यांसाठी मार्गदर्शन

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण दहा जण आतडे पूर्ण अडल्याच्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचतात. त्यांपैकी अनेकांना तोवर आपल्याला कर्करोग आहे याची कल्पनाही नसते. पोट तट्ट फुगलेले असते, दोन-तीन दिवस शौचाला झालेले नसते, वाराही सरत नसतो, आणि तपासण्या हाती येताच डॉक्टर घरच्यांना विचारतात की लगेच शस्त्रक्रिया करायची, की आधी आतड्यात स्टेंट, म्हणजे वाट आतून उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवून पोट मोकळे करायचे आणि दोन आठवड्यांनी शस्त्रक्रिया करायची. हा निर्णय घाईत घ्यावा लागतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या सीमाभागातील मराठी कुटुंबांना तो समजून घेता यावा आणि स्टेंट बसल्यानंतरचे दिवस वाया जाऊ नयेत, यासाठी हे लिहिले आहे. यातले काहीही समोरच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र त्या सल्ल्यामागचे कारण कळले तर योग्य प्रश्न विचारता येतात.

रुग्णालयात जाण्यापूर्वी

पोट फुगणे, कळ येऊन जाणे, शौच आणि वारा दोन्ही बंद होणे, आणि पुढे उलट्या सुरू होणे ही आतडे अडल्याची लक्षणे आहेत. मोठे आतडे अडते तेव्हा उलटी बऱ्याचदा उशिरा येते, त्यामुळे "उलटी नाही, म्हणजे गंभीर काही नसेल" असे समजणे धोक्याचे ठरते. मागे वळून पाहिले तर आधीच्या काही महिन्यांतल्या खुणा अनेकदा आठवतात: शौचाची सवय बदललेली असते, कधी घट्ट तर कधी पातळ होते, शौचातून रक्त जाते आणि ते मूळव्याध समजून सोडून दिलेले असते, वजन उतरलेले असते, थकवा वाढलेला असतो.

अशा वेळी घरात एरंडेल, जुलाबाची गोळी किंवा चूर्ण देऊ नये, आणि एनिमाही घरी देऊ नये. पुढचा रस्ता बंद असताना आतड्याला जोर लावायला लावले, तर आधीच ताणलेली आतड्याची भिंत फाटू शकते. तोंडाने खाणेपिणे थांबवावे, चालू असलेल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या आणि जुने रिपोर्ट बरोबर घ्यावेत आणि निघावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या आणि मूत्रपिंडाचा आजार यांची माहिती डॉक्टरांना पहिल्या भेटीतच द्यावी, कारण पुढच्या तपासण्या आणि उपचार या तिन्हींवर अवलंबून असतात.

कुठे जायचे हे अंतरापेक्षा सोयींवर ठरवावे. ज्या ठिकाणी चोवीस तास शल्यचिकित्सक आणि सीटी स्कॅन आहे, अतिदक्षता विभाग आहे, आणि ज्यांना दुर्बिणीतून आतड्यात स्टेंट बसवण्याचा नियमित सराव आहे असे पोटविकारतज्ज्ञ आहेत, ते ठिकाण योग्य. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या लोकांना बेळगाव सोयीचे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडते. कागवाड, अथणी, रायबागकडून मिरज जवळ आहे. निघण्यापूर्वी एका नातेवाइकाने रुग्णालयात फोन करून "मोठ्या आतड्यात स्टेंट बसवणारे डॉक्टर आज आहेत का?" एवढे विचारून घेतले, तर रात्री एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरण्याची वेळ टळते. मात्र त्या चौकशीपायी निघायला उशीर करू नये. पावसाळ्यात जंगलपट्ट्यातील गावांतून रात्री गाडी निघणे कठीण जाते. तिथे तर पोट फुगू लागताच, दिवस असतानाच हलणे शहाणपणाचे. १०८ ची रुग्णवाहिका बोलावता येते.

पहिले काही तास आणि सीटी स्कॅन

दाखल होताच शिरेतून सलाईन सुरू होते, नाकातून पोटात नळी घालून साचलेले द्रव काढले जाते, लघवीची नळी बसते आणि रक्ताच्या तपासण्या होतात. अडलेल्या आतड्यात शरीरातील बरेच पाणी आणि क्षार अडकून पडतात, म्हणून ते भरून काढणे हा उपचाराचाच भाग आहे. "अजून काहीच करत नाहीत, नुसते सलाईन लावून ठेवले आहे" असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात पुढचा प्रत्येक उपाय सोसण्याची ताकद रुग्णाला यातूनच मिळते.

त्यानंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिरेतून औषध देऊन केलेला पोटाचा सीटी स्कॅन. साध्या एक्स-रेवरून आतडे अडले आहे हे कळते, पण कशाने अडले हे खात्रीने कळत नाही. आतड्याला पीळ पडणे किंवा आतड्याचा क्षयरोग यांनीही पोट असेच अडते, आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. सीटीमधून डॉक्टरांना चार गोष्टी हव्या असतात: गाठ नेमकी कुठे आहे, आतडे कुठे फाटले आहे का किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला आहे का, मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी (उजवीकडे, खाली असते ती) किती ताणली आहे, आणि आजार यकृतात किंवा अन्यत्र पसरला आहे का. त्या पिशवीचा व्यास नऊ-दहा सेंटिमीटरच्या पुढे गेला की ती फुटण्याची भीती वाढते. लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप घट्ट मिटणारी असेल तर हवा आणि मळ मागेही जाऊ शकत नाहीत, आणि ताण फार लवकर वाढतो. सीटीचा रिपोर्ट आल्यावर घरच्यांनी हे चारही मुद्दे एकेक करून विचारावेत, कारण स्टेंट बसवावा की नाही याचे बहुतांश उत्तर त्यांतच असते.

समोर असलेले मार्ग

गाठ उजव्या बाजूच्या आतड्यात असेल, तर बहुतेक वेळा थेट शस्त्रक्रिया करून तो भाग काढतात आणि उरलेली टोके जोडतात. तिथे स्टेंटचा विचार क्वचितच होतो. खरा प्रश्न येतो तो डाव्या बाजूच्या गाठीत. तातडीच्या शस्त्रक्रियेत गाठीचा भाग काढला तरी, वरचे आतडे फुगलेले, सुजलेले आणि मळाने भरलेले असल्यामुळे तिथे जोड टिकेल याची खात्री नसते. जोड सुटला तर मळ पोटात पसरतो आणि जिवावर बेतते. म्हणून अनेकदा आतड्याचे वरचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून तिथे मळ गोळा करणारी पिशवी लावतात. ही पिशवी पुढे दुसऱ्या शस्त्रक्रियेने बंद करता येते, पण वय, अशक्तपणा, परत वाढलेला आजार किंवा पैशांची अडचण यांमुळे बऱ्याच रुग्णांची ती कधीच बंद होत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे गाठीला हात न लावता फक्त गाठीच्या वरचे आतडे बाहेर काढून पिशवी लावणे आणि पोट मोकळे झाल्यावर सवडीने मोठी शस्त्रक्रिया करणे. स्टेंट बसवणारे तज्ज्ञ जवळ नसतील तेव्हा हा मार्ग सुरक्षित आहे, आणि तो सुचवणारे डॉक्टर काही कमी प्रतीचा उपचार देत आहेत असे समजू नये.

तिसरा मार्ग स्टेंटचा. हृदयाच्या रक्तवाहिनीतला स्टेंट आपल्याकडे घरोघरी माहीत झाला आहे. आतड्याचा स्टेंट आकाराने त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. निकेल आणि टायटेनियम यांच्या मिश्रधातूच्या तारांची ही जाळीदार नळी बारीक करून एका लांब नळकांड्यात बसवलेली असते. दुर्बिणीतून ती गाठीच्या अरुंद वाटेपलीकडे नेऊन सोडली की आपोआप उमलते आणि एक ते तीन दिवसांत पूर्ण फाकते. नळीचा मधल्या भागाचा व्यास किमान २४ मिलिमीटर असावा आणि ती गाठीच्या दोन्ही टोकांपलीकडे किमान दोन-दोन सेंटिमीटर जावी, असे युरोपीय एन्डोस्कोपी (दुर्बीण तपासणी) संघटनेचे मार्गदर्शन आहे. मळ आणि वारा तिच्यातून वाहू लागला की फुगलेले आतडे ओसरते आणि तातडीची शस्त्रक्रिया नियोजित शस्त्रक्रिया बनते. गाठ मात्र जागच्या जागीच असते. स्टेंट कर्करोग बरा करत नाही, तो वेळ मिळवून देतो. पुढे जे काही सांगायचे आहे ते सर्व या एका गोष्टीवर उभे आहे.

स्टेंट कोणासाठी, कोणासाठी नाही

या विषयावर तज्ज्ञांचे मत गेल्या दहा-बारा वर्षांत बदलले आहे, आणि तो बदल रुग्णाच्या घरच्यांना माहीत असणे मी आवश्यक मानतो. मोठ्या आतड्यात असा स्टेंट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आला. सुरुवातीच्या उत्साहानंतर काही अभ्यासांत आतडे फाटण्याचे प्रमाण अधिक दिसले. फाटलेल्या जागेतून कर्करोगाच्या पेशी पोटात पसरून आजार पुन्हा उद्भवेल अशी रास्त भीती निर्माण झाली, आणि २०१४ साली युरोपीय संघटनेने, बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णात शस्त्रक्रियेपूर्वी स्टेंट हा नेहमीचा उपचार म्हणून वापरू नये, असे सांगितले. पुढे अधिक अभ्यास हाती आल्यावर २०२० साली त्याच संघटनेने भूमिका बदलली: डाव्या बाजूच्या, बऱ्या होऊ शकणाऱ्या गाठीत तातडीच्या शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून स्टेंटचा विचार करता येतो, मात्र तो रुग्णाशी सविस्तर चर्चा करूनच. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यात स्टेंटने सुमारे ८२ टक्के रुग्णांचे पोट मोकळे झाले. पिशवी लागण्याचे प्रमाण थेट शस्त्रक्रिया झालेल्यांत ६९ टक्के होते, तर स्टेंटच्या गटात ४५ टक्के. तीन वर्षांनंतर आजार परतण्याचे प्रमाण आणि जगण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते.

या आकड्यांचा अर्थ नीट लावायला हवा. स्टेंटमुळे पिशवी लागण्याची शक्यता कमी होते, संपत नाही. स्टेंटमुळे आयुष्य वाढते असे कोणी सांगत असेल तर ते त्या चाचणीतून सिद्ध झालेले नाही. आणि शंभरातल्या अठरा जणांचे पोट स्टेंटने मोकळे झाले नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेची तयारी हाताशी ठेवूनच हा प्रयत्न करायचा असतो.

वय सत्तरच्या पुढे असेल, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, रक्त फार कमी असेल, तर तातडीच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा धोका बराच वाढतो. अशा रुग्णाला स्टेंटमुळे मिळालेल्या वेळेचा लाभ सर्वाधिक होतो असे माझे मत आहे. धडधाकट, तरुण रुग्णात निवड अधिक अवघड असते, कारण तो तातडीची शस्त्रक्रियाही सोसू शकतो आणि फाटण्याचा धोका त्याच्या पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने अधिक महागात पडू शकतो. तिथे शल्यचिकित्सकाचे मत निर्णायक मानावे.

आतडे आधीच फाटले असेल किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटल्याची चिन्हे असतील, तर स्टेंट बसवायचा नाही. सरळ शस्त्रक्रिया करायची. पोट हाताला फळीसारखे कडक लागणे, ताप, नाडी वेगाने चालणे, रक्तदाब घसरणे ही त्याची चिन्हे. गाठ गुदद्वारापासून पाच सेंटिमीटरच्या आत असेल तर तिथे बसवलेल्या नळीने सतत कळ येते आणि शौचावर ताबा राहत नाही, म्हणून तिथेही स्टेंट टाळतात. ज्याचे आतडे प्रत्यक्ष अडलेले नाही, फक्त गाठ मोठी आहे, अशा रुग्णाला "पुढे अडेल" म्हणून आधीच स्टेंट बसवू नये.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

आमच्या भागात संमतीपत्र बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असते. ते मराठीत वाचून, समजावून सांगा अशी विनंती करण्यात काहीही गैर नाही. बहुतेक रुग्णालयांत मराठी बोलणारे परिचारक आणि डॉक्टर असतातच. रुग्ण शुद्धीवर असेल तर चर्चा त्याच्यासमोर व्हावी. कर्करोगाचे नाव रुग्णापासून लपवण्याची घरच्यांची इच्छा मायेपोटी असते हे मी जाणतो, पण ज्याला पुढे दोन आठवडे पथ्य सांभाळायचे आहे आणि मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे जायचे आहे, त्याला कशासाठी ते माहीत नसेल तर तो साथ कशी देणार?

डॉक्टरांना विचारावे की स्टेंट बसवणारे स्वतः हे काम नियमित करतात का. नळी बसली नाही किंवा आतडे फाटले तर शल्यचिकित्सक आणि शस्त्रक्रियागृह त्याच वेळी तयार आहे का. नळी बसल्यानंतर शस्त्रक्रिया कोण करणार, आणि त्यांनी रुग्ण आत्ताच पाहिला आहे का. यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. स्टेंट एका रुग्णालयात आणि शस्त्रक्रिया दुसरीकडे, असे ठरले की मधल्या काळात जबाबदारी कोणाचीच राहत नाही. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोललेले असावेत आणि शस्त्रक्रियेची अंदाजे तारीख स्टेंटच्या दिवशीच कागदावर असावी.

खर्चाविषयीही तेव्हाच बोलावे. स्टेंटची किंमत, दुर्बीण तपासणीचे शुल्क, रुग्णालयातील मुक्काम आणि पुढची शस्त्रक्रिया असे चार भाग वेगळे लिहून मागावेत. कर्नाटकात आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजनेखाली दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे; इतर कुटुंबांना ठरलेल्या पॅकेज-दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखांपर्यंत मदत मिळते. खासगी रुग्णालयात नियोजित उपचारासाठी सरकारी रुग्णालयाचे संदर्भपत्र लागते, तातडीच्या उपचारासाठी ते लागत नाही. इथेच अनेक कुटुंबे अडकतात: स्टेंट तातडीत बसतो, पण दोन आठवड्यांनंतरची शस्त्रक्रिया नियोजित गणली जाऊ शकते. म्हणून रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचे काम पाहणाऱ्या माणसाला, पहिल्याच दिवशी गाठावे, दोन्ही टप्पे सांगावेत, आणि संदर्भपत्र लागणार असेल तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातून म्हणजे बिम्समधून किंवा आपल्या तालुका रुग्णालयातून ते मधल्या दिवसांतच आणून ठेवावे. महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू करण्याचे जाहीर केले होते. कोल्हापूर किंवा मिरजेला जाणाऱ्यांनी आपले गाव त्यात आहे का आणि कोणती कागदपत्रे चालतील, हे तिथल्या आरोग्यमित्राकडे विचारून घ्यावे.

स्टेंट बसवताना

रुग्णाला पूर्ण भूल क्वचितच द्यावी लागते. शिरेतून गुंगीचे औषध देतात. खालून एनिमा देऊन गाठीच्या अलीकडचे आतडे स्वच्छ करतात. तोंडाने जुलाबाचे औषध देत नाहीत, कारण वाट बंद आहे. गुदद्वारातून दुर्बीण गाठीपर्यंत नेतात, गाठीच्या अरुंद भोकातून एक बारीक तार पलीकडे सरकवतात, एक्स-रेच्या पडद्यावर तिची जागा पाहतात आणि त्या तारेवरून नळी नेऊन उमलवतात. कित्येकदा पडद्यावर नळी उमलत असतानाच साचलेला मळ आणि वारा बाहेर येऊ लागतो. नळी बसवण्यापूर्वी फुग्याने वाट रुंद करू नये असे मार्गदर्शन आहे, कारण त्याने आतडे फाटण्याचा धोका वाढतो. गाठीचा तुकडा तपासणीसाठी घेता आला तर घेतात, पण त्याच्या अहवालासाठी स्टेंट लांबवत नाहीत.

आतडे फाटण्याचा धोका शंभरात साधारण चार-पाच जणांना असतो. त्याशिवाय नळी जागेवरून सरकू शकते, पुन्हा बुजू शकते, थोडे रक्त जाऊ शकते. पहिले एक-दोन दिवस पोटात बोचल्यासारखे दुखणे अपेक्षित आहे. मात्र दुखणे वाढत जाणे, ताप येणे, पोट कडक होणे किंवा पुन्हा फुगू लागणे यांपैकी काहीही झाले, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात, परिचारिकेला उठवावे आणि डॉक्टरांना बोलवायला लावावे. घरी गेल्यानंतर हेच घडले तर गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन सकाळची वाट पाहू नये; जिथे स्टेंट बसवला तिथेच थेट जावे.

मधले दोन आठवडे

स्टेंटनंतर साधारण दोन आठवड्यांनी शस्त्रक्रिया करावी असे २०२० चे मार्गदर्शन सांगते. फार लवकर केली तर आतड्याची सूज उतरलेली नसते आणि शरीर सावरलेले नसते. फार लांबवली तर नळीमुळे होणाऱ्या गुंतागुंती वाढतात आणि गाठ वाढत राहते.

या काळातला सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. पोट मोकळे होते, भूक लागते, चेहऱ्यावर तकाकी येते आणि घरात वाटू लागते की संकट टळले. मग उसाची तोड संपू दे, मुलीचे लग्न होऊ दे, सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन येऊ दे, कोणी सांगितलेले झाडपाल्याचे औषध महिनाभर घेऊन पाहू दे, असे म्हणत शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. कळकळीने सांगतो, हे करू नका. बरे वाटते आहे ते नळीमुळे; गाठ तशीच आहे आणि तिची वाढ थांबलेली नाही. बरी होऊ शकणारी गाठ हातची जाण्याची वेळ येते ती बहुतेक अशा लांबणीमुळे. घरातल्या एका जबाबदार माणसाने शस्त्रक्रियेची तारीख आपल्या अंगावर घ्यावी आणि ती कोणत्याही कार्यक्रमासाठी हलवू देऊ नये.

आहारात चोथा कमी हवा, कारण जाळीदार नळीत तंतू आणि साली अडकतात. मऊ भात, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, ताक, दही, इडली, रव्याची खीर, चांगले शिजवून कुस्करलेला सोललेला बटाटा, दुधी, अंडी, मऊ मासे हे चालते. जोंधळ्याची भाकरी खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही हे खरे, तरी हे दोन आठवडे ती बाजूला ठेवावी किंवा डॉक्टरांना विचारून, दुधात पूर्ण भिजवून थोडी खावी. पुंडीची भाजी, मेथी, शेपू, कोशिंबिरी, मक्याचे कणीस, शेंगदाणे आणि त्यांची चटणी, ओले-सुके खोबरे, काजू, पेरू, संत्र्याचा चोथा, उसाची कांडी, कडधान्ये सालीसकट हे सर्व टाळावे. थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा, नीट चावून खावे आणि पाणी भरपूर प्यावे. शौच मऊ राहण्यासाठी डॉक्टर लॅक्टुलोजसारखे पातळ औषध देतात. ते नियमित घ्यावे आणि संडासला पातळ होते म्हणून मनाने बंद करू नये. याउलट, जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या आणि मळ घट्ट करणारी तीव्र वेदनाशामके विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मिळालेला वेळ तयारीत घालवायचा असतो. छातीचा सीटी आणि रक्तातील सीईए (या कर्करोगावर नजर ठेवण्यासाठी मोजले जाणारे प्रथिन) तपासणी होते, हिमोग्लोबिन कमी असेल तर शिरेतून लोह किंवा रक्त दिले जाते, हृदयाची तपासणी होते, साखर आटोक्यात आणली जाते. मोठ्या आतड्यात एकाच वेळी दुसरी गाठ असण्याची शक्यता थोडी का होईना असते, म्हणून उरलेले आतडे शस्त्रक्रियेपूर्वी किंवा ते जमले नाही तर नंतर काही महिन्यांत तपासले पाहिजे. वजन उतरलेल्या रुग्णाला आहारतज्ज्ञाकडून प्रथिनांची पावडर लिहून घ्यावी. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात हे सांगणे अवघड असले तरी सांगतो: विडी, तंबाखू, मिसरी पहिल्या दिवसापासून बंद. धूम्रपानाने फुफ्फुसाची आणि जोड सुटण्याची दोन्ही गुंतागुंत वाढते. दररोज थोडे चालावे आणि श्वासाचे व्यायाम शिकून घ्यावेत. पिशवी लागण्याची शक्यता असेल तर तिची जागा शस्त्रक्रियेपूर्वी, रुग्ण बसला, उभा राहिला आणि वाकला असताना पाहून पोटावर खुणेने ठरवलेली असावी. लुगड्याची किंवा धोतराची गाठ कुठे येते हेही त्या वेळी सांगावे. एमआरआय करायचा झाला तर आतड्यात धातूचा स्टेंट आहे हे तिथल्या तंत्रज्ञाला आधी सांगावे.

शस्त्रक्रिया आणि त्यानंतर

शस्त्रक्रियेत गाठीचा भाग, आतला स्टेंट आणि भोवतीच्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड; कर्करोग पसरू लागला तर बहुधा आधी इथे पोहोचतो) एकत्र काढल्या जातात. स्टेंट वेगळा काढावा लागत नाही. आतडे ओसरलेले असल्याने हे काम पुष्कळदा पोटाला लहान छिद्रे पाडून दुर्बिणीतून करता येते आणि आतड्याची टोके त्याच वेळी जोडता येतात. तरीही जोडाच्या रक्षणासाठी काही काळ पिशवी ठेवण्याचा निर्णय शल्यचिकित्सक टेबलावर घेऊ शकतात, याची तयारी मनात असावी. काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल हा पुढच्या उपचाराचा आधार आहे. त्यात किमान बारा लसिकाग्रंथी तपासल्या गेल्या आहेत का हे पाहावे. आतडे अडवणारी गाठ हे स्वतःच जोखमीचे लक्षण मानले जाते, म्हणून लसिकाग्रंथी स्वच्छ निघाल्या तरी केमोथेरपीचा विचार होऊ शकतो. अहवाल घेऊन कर्करोगतज्ज्ञांना भेटणे चुकवू नये.

आजार इतका पसरलेला असेल की गाठ काढून उपयोग नाही, तेव्हा हाच स्टेंट कायमचा ठेवता येतो आणि पिशवीशिवाय पोट मोकळे राहते. अशा रुग्णाला पुढे केमोथेरपी घ्यायची असेल तर कर्करोगतज्ज्ञांना स्टेंटची माहिती न विसरता द्यावी. बेव्हासिझुमॅबसारख्या, गाठीच्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांनी स्टेंटच्या जागी आतडे फाटण्याचा धोका वाढतो, आणि ती टाळून दुसरे औषध निवडता येते.

रुग्णाचे सख्खे भाऊ, बहिणी आणि मुले यांनी वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा रुग्णाला आजार ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी करून घ्यावी. रुग्णाचे वय पन्नासच्या आत असेल, किंवा घराण्यात आतड्याचा अथवा गर्भाशयाचा कर्करोग आणखी कोणाला झाला असेल, तर काढलेल्या गाठीची आनुवंशिकतेसंबंधी तपासणी करावी का, हे अहवाल दाखवताना कर्करोगतज्ज्ञांना विचारावे.